पीटर पेटिग्र्यूला ग्रिफिंडॉर हाउस का मिळाले असावे?

शब्दवेल

हॅरी पॉटरच्या सातही पुस्तकांचे पुनर्वाचन करताना एका पात्राविषयीचा पेच काही केल्या सुटत नाही, म्हणून तो इथल्या जाणकारांपुढे मांडते आहे. पीटर पेटिग्र्यू, म्हणजेच वर्मटेल, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या चार हाउसपैकी (विद्यार्थ्यांच्या गटांपैकी) ग्रिफिंडॉरमध्ये कसा?

नव्या मुलांचे हाउस ठरवणारी जादूची टोपी, सॉर्टिंग हॅट, पहिल्याच पुस्तकातल्या गाण्यात ग्रिफिंडॉरची ओळख करून देते ती शौर्य आणि दिलदारपणा यांच्या नावाने. या हाउसमध्ये गेलेल्या मुलाने पुढे काय केले ते पाहा. हॅरीचे आईवडील जेम्स आणि लिली यांनी ज्याला आपला सीक्रेट कीपर (लपण्याच्या जागेचे गुपित सांभाळणारा) नेमले, त्याने आठवडाभरातच त्यांचा ठावठिकाणा दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टला सांगून टाकला, आणि त्याआधीचे वर्षभर तो हेरगिरी करतच होता. त्यांचा मित्र सिरियसने त्याला भर रस्त्यात गाठले तेव्हा त्याने स्वतःचे बोट तोडले, एका स्फोटात 12 मगलांचा (जादू न येणाऱ्या माणसांचा) जीव घेतला, आरोप सिरियसवर ढकलला आणि उंदराच्या रूपात हॅरीचा मित्र रॉन याच्या, म्हणजे वीझलींच्या, घरी 12 वर्षे काढली. चौथ्या पुस्तकात हॅरीचा शाळासोबती सेड्रिक याला मारणारा हातही त्याचाच आहे.

दोन स्पष्टीकरणे मला सुचली, पण दोन्हींनी समाधान होत नाही. पहिले असे, की टोपीची चूक झाली. पण मग नेव्हिलसारख्या घाबरट वाटणाऱ्या मुलात जिला एवढ्या आधी काही दिसले, तिला पीटर ओळखता आला नाही असे कसे म्हणावे? दुसरे असे, की पीटरने आपल्या मित्रांच्या मागे जाण्यासाठी टोपीकडे हट्ट धरला असेल. परंतु सातव्या पुस्तकात शिक्षक स्नेपच्या आठवणींमध्ये आगगाडीचा जो प्रसंग येतो, त्यात जेम्स आणि सिरियस यांची ओळख होते, पीटरचे नावही तिथे येत नाही. शिवाय मुलांना आडनावांच्या वर्णानुक्रमाने बोलावतात, आणि इंग्रजी वर्णक्रमात पेटिग्र्यू हे आडनाव पॉटरच्या आधी येते. म्हणजे पीटरने टोपी घातली तेव्हा जेम्सचे हाउस ठरलेलेच नव्हते. मग तो नेमका कोणाच्या मागे गेला?

दीपमाळ

प्रश्न फार चांगला मांडला आहे, आणि वर्णानुक्रमाचा मुद्दा तर माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. तरीही मला वाटते, की आपण टोपीकडून भलत्याच गोष्टीची अपेक्षा करत आहोत. टोपी अकरा वर्षांच्या मुलाचे भविष्य वाचत नाही. त्या वयाच्या मुलाच्या मनात कशाला मोल आहे आणि त्याला काय व्हावेसे वाटते, एवढेच ती पाहते. हॅरीमध्ये तिला स्लिदरिन या दुसऱ्या हाउसला शोभणारे गुण दिसले होते, तसे ती त्याला सांगतेही. पण त्याला तिथे जायचे नव्हते आणि तिने ते मानले. हर्मायनीची बुद्धी पाहता तिची जागा रेव्हनक्लॉमध्ये असायला हरकत नव्हती. पण पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी, शेवटच्या दालनाच्या अलीकडे उभी राहून ती हॅरीला सांगते, की पुस्तके आणि हुशारी यांच्यापेक्षा मोठ्या गोष्टी असतात, मैत्री आणि धैर्य. ग्रिफिंडॉरमध्ये ती का आहे, याचे उत्तर तिच्या त्या बोलण्यातच आहे.

पीटरच्या बाबतीत शौर्याचे आकर्षण किती जबर होते, हे पाहायचे असेल तर पाचव्या पुस्तकात हॅरीने पेन्सिव्हमध्ये (जुन्या आठवणी दाखवणाऱ्या पात्रात) पाहिलेला तळ्याकाठचा प्रसंग पुन्हा वाचावा. परीक्षेचा पेपर आटोपून जेम्स, सिरियस, ल्युपिन आणि पीटर हे चौघे मित्र झाडाखाली बसले आहेत. जेम्स चोरून आणलेला स्निच (जादूच्या खेळातला उडणारा चेंडू) सोडतो आणि शेवटच्या क्षणी झडप घालून पकडतो. ल्युपिन पुस्तकात डोके घालून बसला आहे, सिरियस कंटाळलेला आहे, आणि एकटा पीटर तोंड उघडे टाकून प्रत्येक झेलाला दाद देतो आहे. शेवटी सिरियसच वैतागतो आणि पीटरचा पाणउतारा करत जेम्सला तो खेळ थांबवायला सांगतो. जेम्सला ती दाद आवडते, सिरियसला तिचा उबग येतो, आणि पीटर त्या पाणउताऱ्याने फक्त जरासा लाल होतो. ज्याला शूर व्हायचे आहे पण ते जमत नाही, तो शूरांच्या सावलीत बसतो, असे मला या प्रसंगावरून वाटते. तिसऱ्या पुस्तकात शिक्षिका मॅकगोनागल बाईही हेच सांगतात, की हा मुलगा जेम्स आणि सिरियस यांची अक्षरशः पूजा करत असे, पण बुद्धीने त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की टोपी घालताना तो कोणत्याही एका मुलाच्या मागे गेला नसावा. शूर लोक ज्या बाजूला बसतात त्या बाजूला आपण बसावे, ही त्याची ओढ टोपीने पाहिली, आणि तेवढी ओढ ग्रिफिंडॉरसाठी पुरेशी ठरली. पुढे शूरांपेक्षा बलवान दिसणारा कोणी भेटताच हीच ओढ तिकडे वळली. शाळेत सर्वांत बलवान जेम्स होता, शाळेबाहेर व्होल्डेमॉर्ट निघाला.

नदीकाठ

दीपमाळ यांच्या विवेचनाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण पीटर म्हणजे केवळ सावलीत बसणारा भित्रा माणूस, हे चित्र मला अपुरे वाटते.

प्रथम एक माहिती नोंदवतो, कारण तिच्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. लेखिकेने पॉटरमोर या संकेतस्थळावर हॅटस्टॉल या विषयावर एक छोटे टिपण लिहिले होते. टोपीला निर्णय घ्यायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला की त्या विद्यार्थ्याला हॅटस्टॉल म्हणतात, आणि असे अर्धशतकातून एखाद्या वेळी घडते. हॅरीच्या ओळखीच्या माणसांपैकी खरे हॅटस्टॉल दोनच: मॅकगोनागल आणि पीटर पेटिग्र्यू. मॅकगोनागल यांच्या बाबतीत टोपी ग्रिफिंडॉर आणि रेव्हनक्लॉ यांच्यात घुटमळली, तर पीटरच्या बाबतीत ग्रिफिंडॉर आणि स्लिदरिन यांच्यात. म्हणजे टोपीने त्याला घाईघाईत कुठेतरी ढकलून दिले नव्हते. तिने स्लिदरिनचा पूर्ण विचार केला आणि मग ग्रिफिंडॉर पुकारले. त्याच टिपणात असेही म्हटले आहे, की आपला निर्णय चुकला हे टोपी अजूनही मानत नाही आणि पुरावा म्हणून पीटरच्या मृत्यूकडे बोट दाखवते. अर्थात लेखिका त्या पुराव्याला शंकास्पदच म्हणते.

आता त्याच्या कृत्यांकडे पाहू. स्वतःचे बोट स्वतः तोडणे, आणि तेही सिरियससारखा जादूगार समोर उभा असताना, ही गोष्ट निव्वळ भित्र्या माणसाच्या आवाक्यातली नाही. अ‍ॅनिमेगस होण्याची (प्राण्याचे रूप घेण्याची) विद्या अवघड आणि जिवावर बेतणारी आहे, ती शिकायला या मुलांना तीन वर्षे लागली. पीटरला मित्रांची भरपूर मदत घ्यावी लागली हे खरे, पण मदत मिळाली म्हणून धोका टळत नाही. दर पौर्णिमेला माणूस-लांडगा होणाऱ्या ल्युपिनबरोबर बाहेर पडणाऱ्यांत तोही होता, आणि झोडपणाऱ्या विलो झाडाच्या फांद्यांखालून जाऊन त्याला निश्चल करणारी गाठ दाबण्याचे काम त्याच्याकडेच असे. चौथ्या पुस्तकात, व्होल्डेमॉर्टला पुन्हा देह मिळवून देताना, लिटल हँगल्टनच्या स्मशानात त्याने आपला उजवा हात मनगटापासून छाटला. रडत, हुंदके देत छाटला, पण छाटला. हॅरी डोळे मिटून घेतो आणि आपल्याला फक्त किंकाळी ऐकू येते. अंगावर काटा आणणाऱ्या त्या पानात मला पीटरचा सगळा स्वभाव दिसतो.

अल्बानियाच्या जंगलात जाऊन व्होल्डेमॉर्टला शोधून काढणे हेही अनेक वाचक त्याचे धाडस म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. सिरियसने वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात रॉनच्या खांद्यावरचा, एक बोट नसलेला उंदीर ओळखला आणि त्याचा आसरा सुटला. इकडे जुने मित्र आणि तिकडे व्होल्डेमॉर्टचे अनुयायी डेथ ईटर, दोन्ही बाजू त्याच्या जिवावर उठलेल्या, कारण त्याने दिलेल्या माहितीवर विसंबून गेलेला त्यांचा स्वामी गॉड्रिक्स हॉलोमध्ये नष्ट झाला होता. व्होल्डेमॉर्ट स्वतःच त्याला बजावतो, की तू निष्ठेने परत आला नाहीस, मित्रांच्या भीतीने आलास. इथे व्होल्डेमॉर्टचे म्हणणे खरे मानायला हरकत नाही.

माझे मत असे, की धैर्य पीटरकडे होते, पण ते केवळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठीच बाहेर पडत असे. दुसऱ्यासाठी काही करायची वेळ आली की ते नाहीसे होई. तिसऱ्या पुस्तकात झोपडीतल्या प्रसंगी तो सिरियसला विचारतो, की व्होल्डेमॉर्टला नकार देऊन काय मिळणार होते? सिरियसचे उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. निरपराध माणसांचे जीव वाचले असते, आणि मित्रांना दगा देण्यापेक्षा मरण पत्करायला हवे होते. ग्रिफिंडॉरमधले दोघे एकमेकांसमोर उभे आहेत, आणि त्यांच्यातले अंतर शौर्य किती यात नाही, ते कोणासाठी यात आहे.

शब्दवेल

दोघांचेही मनापासून आभार. हॅटस्टॉलची माहिती मला नव्हती, आणि तिच्यामुळे टोपीची चूक हे माझे पहिले स्पष्टीकरण बाद झाले असे मानते.

पण नदीकाठ, तुमच्या मांडणीत एक गाठ राहते. सातव्या पुस्तकात हॅरीला सिरियसच्या खोलीत लिलीचे जुने पत्र सापडते. हॅरीच्या पहिल्या वाढदिवसानंतर लिहिलेल्या त्या पत्रात ती सहज सांगून जाते, की पीटर येऊन गेला, जरा उदास वाटला, बहुधा मॅकिनन कुटुंब मारले गेल्याची बातमी ऐकून असेल. तो त्या वेळी हेरगिरी करत होता, हे आपल्याला माहीत आहे. मग ती उदासी कशाची? भीतीची, की अपराधाची? पीटर केवळ स्वतःचाच विचार करणारा असेल, तर लिलीच्या घरी चहाला बसून चेहरा लपवता येऊ नये, असे का? आणि मृत्यूच्या क्षणी बोटे सैल होतात, तिथे टोपीला जे दिसते ते आपणही पाहावे का? या दोन जागांविषयी कोणी लिहील का?

तिसरी_घंटा

पत्राविषयी आधी. लिली स्वतः अतिशय संवेदनशील आहे, आणि तिच्या नजरेला उदासी दिसली म्हणजे ती होती, एवढे धरून चालायला हरकत नाही. मला ती अपराधाचीच वाटते. ज्याला पुढे दगा द्यायचा आहे त्या बाळाला खेळण्यातल्या झाडूवर बसून घरभर हिंडताना पाहणे सोपे नसणार. पण या उदासीचे पीटरने केले काय? काहीही नाही. तो उठला, निघून गेला आणि पुन्हा माहिती पोहोचवू लागला. मनाला बोचणी लागणे आणि तिच्यापायी काही करणे यांच्यातला फरक या मालिकेत वारंवार येतो. स्नेपचेच उदाहरण घ्या. व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाविषयीचे भाकीत त्यानेच व्होल्डेमॉर्टच्या कानावर घातले, पण त्याचा रोख लिलीकडे आहे हे कळताच तो मुख्याध्यापक डंबलडोरपुढे जाऊन उभा राहिला, आणि पुढची सगळी वर्षे त्याची किंमत मोजत राहिला. तो स्लिदरिनचा होता. याच स्नेपकडे पाहून डंबलडोर म्हणतात, की कधीकधी वाटते, आपण मुलांची निवड फार लवकर करतो. ते वाक्य स्नेपच्या कौतुकासाठी आहे, पण वाचताना मला दर वेळी पीटर आठवतो.

आता पीटर जिथे मरतो त्या मॅलफॉय मॅनर या वाड्याच्या तळघराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण चित्रपटामुळे या प्रसंगाबाबत पुष्कळ गोंधळ झालेला आहे. 2010 साली आलेल्या चित्रपटात डॉबी (हॅरीचा मित्र असलेला एल्फ) पीटरला बेशुद्ध पाडतो आणि विषय तिथेच संपतो. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे, त्यांना पीटरचा शेवट कसा झाला हे कळतच नाही, आणि तिसऱ्या पुस्तकापासून पेरलेला धागा तुटून जातो. चित्रपटांनी गाळलेल्या सगळ्या प्रसंगांत मला याचेच सर्वांत जास्त दुःख आहे.

मूळ पुस्तकात पीटर तळघरात येतो, हॅरी आणि रॉन त्याच्यावर झेप घेतात, आणि व्होल्डेमॉर्टने दिलेला तो चांदीचा हात हॅरीचा गळा आवळतो. हॅरी कोंडलेल्या आवाजात त्याला आठवण देतो, की मी तुझा जीव वाचवला होता. झोपडीत सिरियस आणि ल्युपिन त्याला मारायला निघाले असताना हॅरीनेच त्यांना अडवले होते, आणि डंबलडोरांनी तेव्हाच सांगितले होते, की अशा ऋणातून एक बंध तयार होतो आणि एक दिवस तुला त्या दयेचा आनंद वाटेल. हॅरीने आठवण देताच चांदीची बोटे सैल पडतात. क्षणभरच, पण पडतात. हॅरीलाही हे अनपेक्षित असते, आणि पीटरच्या पाणावलेल्या बारीक डोळ्यांतही तितकेच आश्चर्य दिसते. आपल्या हाताने काय केले याचा त्यालाच धक्का बसतो! मग तोच हात उलटा फिरतो आणि पीटरचाच गळा धरतो. हात देताना व्होल्डेमॉर्टने म्हटले होते, की तुझी निष्ठा पुन्हा कधी ढळू नये. ती शुभेच्छा नव्हती, अट होती.

यावर टोपीचे म्हणणे असे दिसते, की पाहा, शेवटच्या क्षणी याने दया दाखवली. मला ते अर्धेच पटते. पीटरने ठरवून हात मागे घेतलेला नाही, आणि दया दाखवल्याची किंमत काय पडेल हे त्याला ठाऊक असते तर बोटे सैल झाली असती का, याचे उत्तर मला नाही असेच द्यावेसे वाटते. परंतु ती दया खोटीही नाही. चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तो व्होल्डेमॉर्टला सुचवून पाहतो, की हॅरीवाचूनही हे काम होऊ शकेल, दुसरा एखादा जादूगार चालेल. कारण देताना तो आपल्या सोयीचे देतो, व्होल्डेमॉर्टही त्याला पळपुटा ठरवतो, पण हॅरीला वगळावे ही सूचना त्याच्या तोंडून आली हे लक्षात घ्यायला हवे. लिलीला दिसलेली उदासी, ही सूचना आणि ती सैल पडलेली बोटे, एवढ्या तीन जागी पीटरच्या आतले काहीतरी हलताना दिसते. ग्रिफिंडॉरपणा म्हणायचे असेल तर तो इतकाच उरला होता.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हात उलटल्यावर हॅरी आणि रॉन दोघेही त्याला वाचवायला धडपडतात. हॅरी ती बोटे ओढून काढायचा प्रयत्न करतो, रॉन छडी रोखून मंत्र म्हणतो. ज्याने हॅरीला अनाथ केले आणि जो रॉनच्या बिछान्यात उंदीर बनून झोपला, त्याला ही दोन मुले विचार न करता वाचवू पाहतात. ग्रिफिंडॉर कशाला म्हणावे हे त्या तळघरात मला पीटरपेक्षा या दोघांकडे पाहून कळले.

आडवाट

चर्चा उत्तम चालली आहे. एका बाजूकडे कोणी वळलेले दिसले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

पीटरचा दगा यशस्वी झाला, त्याला त्याच्या मित्रांची नजरही कारणीभूत आहे. आपल्यात कोणीतरी फितूर आहे हे त्यांना कळले होते. सिरियसचा संशय ल्युपिनवर होता आणि ल्युपिनचा सिरियसवर. पीटरवर कोणाचाच नाही. संशय घेण्याइतकेही महत्त्व त्याला कोणी देत नव्हते. सीक्रेट कीपर म्हणून त्याचे नाव सिरियसने सुचवले तेही याच हिशेबाने, की इतक्या दुबळ्या माणसाकडे एवढे मोठे गुपित असेल अशी शंका व्होल्डेमॉर्टला येणार नाही. वर्षानुवर्षे ज्याला आपण गृहीत धरले, त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायची गरज त्या बुद्धिमान मुलांना कधी वाटली नाही. यामुळे पीटरचा अपराध तसूभरही कमी होत नाही, पण जेम्स आणि सिरियस यांच्याकडे पाहण्याची माझी दृष्टी मात्र बदलली.

शाळेतला प्रत्येक माणूस कुठे आहे हे दाखवणाऱ्या मॅरॉडर्स मॅपविषयीही असाच एक प्रश्न नेहमी विचारला जातो, की रॉनचे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज यांच्याकडे नकाशा असताना रॉनच्या शेजारी पीटर पेटिग्र्यू हे नाव त्यांना कधीच कसे दिसले नाही. मला त्यात फारसे गूढ वाटत नाही. शेकडो नावांच्या त्या नकाशात ते शिक्षक, फिल्च आणि गुप्त वाटा पाहत असत, धाकट्या भावाची झोपायची खोली न्याहाळायचे त्यांना काही कारण नव्हते, आणि दिसले असते तरी ते नाव त्यांच्या ओळखीचे असेलच असे नाही. ल्युपिनच्या हाती नकाशा आला आणि त्याने ते नाव तत्काळ टिपले, कारण नकाशा बनवणाऱ्या चौघांपैकी तो एक होता.

मॅकगोनागल बाईंचे बोलणे वर आलेच आहे, पण त्याच्या पुढचे वाक्यही वाचण्यासारखे आहे. थ्री ब्रूमस्टिक्स या खानावळीत पीटरची आठवण काढताना त्यांचा आवाज भरून येतो, आणि आपण त्या मुलाशी नेहमी फार तुसडेपणाने वागलो याची त्यांना खंत वाटते. तेव्हा त्यांच्या लेखी तो ऑर्डर ऑफ मर्लिन हा सन्मान मिळालेला हुतात्मा होता, म्हणून ती खंत वाटणे साहजिक होते. खरी हकीकत कळल्यानंतर त्याच खंतीचे त्यांनी काय केले असेल, हे पुढे कुठेही आलेले नाही, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला फार आवडले असते.